उत्तर: पाच सुरांची सबब आणि विली डिक्सनचे नाव

सप्रेम नमस्कार.

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे की, ‘होल लॉटा लव्ह’साठी लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडने अमेरिकन ब्लूज गीतकार विली डिक्सनचे गाणे उचलले असे मी ठामपणे लिहिले आणि ‘स्टेअरवे टू हेवन’च्या बाबतीत मात्र त्याच मंडळींची बाजू घेतली, हा दुटप्पीपणा आहे, शिवाय पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या स्वरश्रेणीत वाजवणारे दोन गिटारवादक कधी ना कधी एकाच चालीवर येणारच, त्यामुळे ब्लूजमध्ये चोरीचा प्रश्नच उद्भवत नाही. हे दोन्ही मुद्दे मला मान्य नाहीत.

आधी पाच सुरांविषयी. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत तेच पाच शुद्ध स्वर आहेत, तरीही गंधाराभोवती फिरणारा भूप आणि धैवतावर जोर देणारा देशकार यांत जाणकार श्रोत्याची गल्लत होत नाही. सूर कोठे थांबला, कोठून वळला आणि लयीत कोठे पडला यांतून चाल घडते. म्हणून ‘सूरच पाच’ एवढ्यावर कोणी निर्दोष ठरत नाही, तसेच दोन रचनांत पाच सूर सारखे सापडले म्हणून कोणी चोरही ठरत नाही.

‘स्टेअरवे’चा निवाडा मी याच कसोटीवर केला आहे. स्पिरिट या बँडची ‘टॉरस’ ही वाद्यरचना 1968 ची, तर ‘स्टेअरवे’ 1971 चे. दोन्हींत ए मायनर या पाश्चात्त्य स्वरपट्टीत खालचा सूर ए, जी शार्प, जी, एफ शार्प, एफ असा पायरीपायरीने उतरतो. ‘स्टेअरवे’त तो चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटपासून (गिटारच्या मानेवरील आडव्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात) तिसऱ्या फ्रेटपर्यंत येतो. हा उतार सतराव्या शतकात हेन्री पर्सेल या इंग्रज संगीतकारानेही वापरला होता. तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. आता पहिल्या तारेकडे लक्ष द्यावे. खालचा सूर उतरत असताना लेड झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज त्याच बोटांनी वर ए, बी, सी असा चढत जातो, आणि आपल्या कानात राहते ती ही चढती ओळ. ‘टॉरस’मध्ये ती नाही. ‘टॉरस’चा कर्ता रँडी कॅलिफोर्निया 1997 मध्ये निवर्तला आणि त्याच्या वतीने विश्वस्ताने 2014 मध्ये दावा लावला. पेजला ती रचना ऐकण्याची संधी मिळाली होती हे 2016 मध्ये ज्युरीने मान्य केले, पण पुरेसे साम्य नाही असा निकाल दिला, आणि 2020 मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला. निकाल मला पटतो, त्यामागची पद्धत पटत नाही. अमेरिकेच्या 1909 च्या जुन्या कॉपीराइट कायद्यामुळे तुलना नोंदणीसाठी दिलेल्या स्वरलिपीच्या कागदाशीच झाली. साम्य तपासण्यासाठी ज्युरीला ध्वनिमुद्रण ऐकवले गेले नाही. गिटारच्या संगीतातला केवढा तरी भाग कागदावर उतरतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘होल लॉटा लव्ह’ची गोष्ट निराळी आहे. त्यातला गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी छोटी चाल, पेजचा स्वतःचा आहे, हे मी मूळ लेखातही लिहिले होते. उचलले गेले ते शब्द आणि गाण्याची धाटणी. ब्लूज गायक मडी वॉटर्सने 1962 मध्ये गायलेले डिक्सनचे ‘यू नीड लव्ह’ ऐकून लगेच ‘होल लॉटा लव्ह’मधले लेड झेपेलिनच्या गायकाचे, रॉबर्ट प्लांटचे, पहिले कडवे ऐकावे. मग माझ्या युक्तिवादाची गरजही उरणार नाही. ‘ब्लूज ही सगळ्यांची सामायिक परंपरा’ हे आपले म्हणणे बारा बारच्या (बार म्हणजे लयीचे एक आवर्तन) साच्याला, ठरलेल्या कॉर्डना (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांना) आणि सवाल-जवाबाच्या बांधणीला लागू पडते. ‘यू नीड लव्ह’ मात्र अनामिक लोकगीत नव्हते. शिकागोच्या चेस या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी गाणी लिहिणे हा डिक्सनचा व्यवसाय होता, आणि 1969 च्या तबकडीवर गीतकार म्हणून बँडच्या चौघांचीच नावे छापली गेली. 1985 मध्ये त्याला दावा लावावा लागला, 1987 मध्ये तडजोड झाली आणि मग त्याचे नाव आले. अठरा वर्षे एका हयात गीतकाराचे नाव गाळले गेले, आणि याला परंपरा म्हणायला मी तयार नाही. लेड झेपेलिनचेच ‘द लेमन साँग’ आणि ब्लूज गायक हाउलिन वुल्फचे ‘किलिंग फ्लोअर’ यांचेही तेच.

आपला युक्तिवाद मला खरोखर अडवतो तो गिटारवादक गॅरी मूरच्या बाबतीत. ‘स्टिल गॉट द ब्लूज’ (1990) मधील गिटारची चाल ज्युड्स गॅलरी या जर्मन बँडच्या 1974 च्या ‘नॉरड्राख’वरून घेतली आहे, असे म्युनिकच्या न्यायालयाने डिसेंबर 2008 मध्ये ठरवले, ती रचना आपण ऐकलीच नव्हती, असे मूरचे म्हणणे होते. या गाण्यातील कॉर्ड डी मायनर, जी, सी, एफ, बी, ई अशा क्रमाने जाऊन ए मायनरवर येतात. जोडी-जोडीने पाहिले तर दर दोन कॉर्डनंतर सगळे एक पायरी खाली सरकते, आणि त्यावर चाल बांधणाऱ्याचा हातही आपोआप पायरीने खाली येतो. जॅझमध्ये हा क्रम जुनाच आहे. त्यामुळे इथे दोन माणसे स्वतंत्रपणे एकाच ओळीशी पोहोचू शकतात, ही शक्यता मी नाकारत नाही, आणि मूरला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपले मत वेगळे असल्यास दोन्ही रचनांतील नेमकी जागा, मिनिट-सेकंदासह, अवश्य कळवावी. मी त्या जागा गिटारवर वाजवून पाहीन आणि त्याच धाग्यात उत्तर देईन.