गर्डर बसला म्हणजे लॉफ्ट झाला, असं नसतं

ब्रिटनमधल्या मराठी घरमालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. लॉफ्ट कन्व्हर्जनमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्याची राहती खोली करताना, बिल्डर, इंजिनिअर आणि इन्स्पेक्टर मिळून गिऱ्हाइकाला कसे लुबाडतात, असा त्याचा एकंदर सूर. त्यातले दावे थोडक्यात असे: लोखंडी गर्डर भिंतींवर टेकला की ताकदीचा प्रश्न मिटतो. जॉइस्टची, म्हणजे जमीन पेलणाऱ्या लाकडी कड्यांची, टोकं गर्डरच्या पोटात ठोकून पाचर मारली की पुरे, हँगर (जॉइस्टचं टोक झेलणारा पत्र्याचा आधार) आणि बोल्ट हा बिल फुगवायचा उद्योग आहे. आपल्या वाड्यांमध्ये कुठे होते बोल्ट? लोखंड जळत नाही, तेव्हा आगीची चिंता नको. आणि प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, म्हणजे तपासायलाही कुणी येत नाही.

वाड्यांपासून सुरुवात करतो, कारण हाच दावा पटकन पटतो. कडीपाटाच्या जमिनीत बोल्ट नसतात हे खरंच आहे. पण तिथे कडी तुळईच्या डोक्यावर बसते. तुळईवर कडी, कडीवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर. सगळं वजन सरळ खाली उतरतं आणि त्या वजनानेच कडी जागची हलत नाही. जुन्या ब्रिटिश टेरेस घराच्या (रांगेत एकमेकांना चिकटून बांधलेल्या घराच्या) माळ्यावर ही चैन परवडत नाही, कारण तिथे उंचीच नसते. जिन्यावर दोन मीटर मोकळी उंची लागते. लॉफ्टसाठी सूट मिळाली तरी जिन्याच्या मध्यावर 1.9 आणि कडेला 1.8 मीटर हवीच. गर्डरच्या डोक्यावर जॉइस्ट ठेवले तर वीसेक सेंटिमीटर तिथेच गेले. म्हणून गर्डर आणि जॉइस्ट एकाच पातळीत ठेवतात, आणि जॉइस्ट गर्डरच्या कुशीत येऊन थांबतो. त्याला खालून आधार उरत नाही. वाड्याचा दाखला इथेच गळून पडतो.

आता त्या टोकावर किती भार येतो ते पाहा. राहत्या खोलीच्या जमिनीवर माणसं आणि सामान यांचा भार चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो धरतात. लाकूड, वरच्या फळ्या आणि खालचा प्लास्टरबोर्ड यांचे आणखी 50 धरू. जॉइस्ट चार मीटर लांब आणि 400 मिलिमीटर अंतराने असतील, तर प्रत्येकाच्या एका टोकावर 0.8 चौरस मीटरचा भार येतो: 160 किलो. गर्डर कितीही दणकट असो, हे वजन त्याच्यापर्यंत पोहोचतं ते फक्त त्या सांध्यातून.

‘पोटात ठोका, पाचर मारा’ यावर जरा थांबावं लागेल. गर्डरच्या वरच्या-खालच्या आडव्या पात्यांना फ्लँज म्हणतात, मधल्या उभ्या पट्टीला वेब. लहान लॉफ्टमध्ये दिसणारा 178×102×19 चा गर्डर घ्या: उंची 178 मिलिमीटर, रुंदी 102, वजन मीटरला 19 किलो. दोन फ्लँजमधली मोकळी जागा जेमतेम 162 मिलिमीटर, आणि कोपऱ्यांतल्या गोलाईमुळे चौकोनी लाकडाला ती पूर्ण मिळतही नाही. जॉइस्ट 195 मिलिमीटर उंचीचा असेल तर तो आत जाणारच नाही. मग सुतार टोकाला वर-खाली खाच मारतो आणि नेमकं जिथे भार उतरायचा तिथलंच लाकूड कमी होतं. खालच्या खाचेच्या कोपऱ्यापासून लाकूड रेषांच्या दिशेने चिरत जातं. सी16 प्रतीच्या लाकडाची वाकताना धरलेली ताकद चौरस मिलिमीटरला 16 न्यूटन आहे, पण रेषांना आडवं ओढलं तर उरते 0.4. चाळीसपट कमी! त्या कोपऱ्यात नेमका हाच आडवा ताण येतो.

जॉइस्ट बुटका असेल, खाच न मारता खालच्या फ्लँजवर नीट टेकत असेल आणि इंजिनिअरने तसं रेखाटून दिलं असेल, तर ती पद्धत चुकीची नाही. फॉरवर्डमध्ये सत्याचा अंश आहे तो एवढाच. पाचरीचं मात्र समर्थन होत नाही. वखारीतून आलेल्या बांधकामाच्या लाकडात वीस टक्क्यांपर्यंत ओल असते, हीटिंग लावलेल्या घरात ती बारा टक्क्यांच्या आसपास किंवा आणखी खाली येते. ओल चार टक्क्यांनी घटली की लाकूड आडवं साधारण एक टक्का आकसतं. म्हणजे 195 चा जॉइस्ट सुमारे चार मिलिमीटर बारीक होणार, आणि आज घट्ट बसलेली पाचर एका हिवाळ्यात सैल पडणार. लोखंड काही आकसत नाही. म्हणून जाणता सुतार जॉइस्टची वरची कड गर्डरच्या माथ्यापेक्षा थोडी उंच ठेवतो. दोन्ही एका रेषेत ठेवले तर लाकूड खाली जातं, फळ्या गर्डरवर टेकतात आणि खोलीत आडवा उंचवटा तयार होतो. ‘जमीन कुरकुरते’ म्हणून येणाऱ्या तक्रारींमागे बऱ्याचदा हीच कारणं असतात.

मग करायचं काय? वेबच्या पोकळीत लाकडी पॅकिंग भरायचं. ते फ्लँजच्या कडेपर्यंत बाहेर यायला हवं, म्हणजे हँगरची पाठ सपाट लाकडाला भिडते. पॅकिंग वेबमधून आरपार बोल्टने आवळायचं. साधारण एम12 (12 मिलिमीटर जाडीचे) बोल्ट, वर-खाली आलटून पालटून, मोठ्या वॉशरसह. अंतर इंजिनिअरच्या नकाशात असतं. वेबच्या मध्यावर पाडलेली ही भोकं सहसा त्रास देत नाहीत. फ्लँजला मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका. पॅकिंगवर हँगर, हँगरमध्ये जॉइस्ट. हँगरच्या पाठीपासून जॉइस्टच्या टोकापर्यंतची फट सहा मिलिमीटरच्या आत हवी. खिळे 3.75×30 मिलिमीटरचे, पिळाचे, गॅल्व्हनाइज्ड किंवा शेरर्डाइज्ड (म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेले), आणि उत्पादकाने सांगितलेल्या प्रत्येक भोकात. हाताशी आहेत म्हणून प्लास्टरबोर्डचे काळे स्क्रू मारणारे भेटतात. ते कडक पण ठिसूळ असतात, आडव्या भाराखाली न वाकता तुटतात.

यातली एकही वस्तू महागडी नाही. हँगर हा अख्ख्या लॉफ्टमधल्या सर्वांत स्वस्त सामानापैकी एक. बिल फुगवायचंच असेल तर त्याहून सोपे मार्ग बिल्डरला ठाऊक असतात.

‘गर्डर टेकला की ताकदीचा प्रश्न मिटला’ हा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण इथे गाडी उलटी चालते: जॉइस्टही गर्डरला धरून ठेवतात. भार आला की गर्डरचा वरचा फ्लँज दाबला जातो आणि लांब गर्डरमध्ये तो बाजूला कलंडू पाहतो. पातळ फूटपट्टी कडेवर उभी धरून वरून दाबा, ती आडवी पिळवटते, तसंच. बऱ्याच लॉफ्टच्या हिशोबात इंजिनिअर धरून चालतो की पक्के जोडलेले जॉइस्ट या फ्लँजला जागोजागी आडवा आधार देतील, आणि त्या भरवशावर हलका गर्डर निवडतो. जॉइस्ट नुसते पाचरीवर असतील तर तो आधार कागदावरच राहतो. शंभर किलोचा गर्डर क्रेनने चढवून चार खिळ्यांत काटकसर करण्याला काय म्हणावं?

आगीबद्दल. लोखंड जळत नाही, मऊ पडतं. साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला त्याची ताकद जवळपास निम्मी होते. जाड लाकूड निदान हळूहळू कोळसत जातं, मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास. हँगरचा पातळ पत्रा लगेच तापतो. दुमजली घरावर लॉफ्टची खोली आली की घर तिमजली होतं आणि त्या जमिनीने, तिला पेलणाऱ्या गर्डरसकट, तीस मिनिटं आग सोसायला हवी. त्यासाठी प्लास्टरबोर्डचं योग्य आवरण किंवा गर्डरला आग लागल्यावर फुगणारा रंग लागतो. कोणता आणि किती जाड, हे नकाशात लिहून घ्या.

राहिली परवानगी. इंग्लंडमध्ये टेरेस घराला 40 आणि इतर घरांना 50 घनमीटरपर्यंत छताखालची जागा वाढवायला, बाकीच्या अटी पाळल्या तर, प्लॅनिंगचा अर्ज लागत नाही. ते खरं. पण प्लॅनिंग वेगळं आणि बिल्डिंग रेग्युलेशन्स, म्हणजे बांधकाम सुरक्षित कसं असावं याचे नियम, वेगळे. माळ्याची राहती खोली करायची तर हे नियम पाळले जातात का ते तपासणाऱ्या बिल्डिंग कंट्रोलची मंजुरी लागतेच. शेजाऱ्याशी सामाईक भिंतीत गर्डरचं टोक घालणार असाल तर 1996 च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे दोन महिने आधी नोटीसही द्यावी लागते. नियम मोडून केलेलं काम बदला किंवा काढा, असं फर्मावायला कौन्सिलला पूर्वी 12 महिने मिळत. ऑक्टोबर 2023 पासून ती मुदत 10 वर्षं आहे. घर विकताना गिऱ्हाइकाचा वकील कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमांप्रमाणे झाल्याचा दाखला, मागतोच. बिल्डिंग कंट्रोलच्या इन्स्पेक्टरला पॅकिंग, बोल्ट आणि हँगर उघडे असताना बघायचे असतात. खालचं प्लास्टरबोर्ड आधीच चढवलं असेल, तर ते तुमच्या खर्चाने उतरवायला लावण्याचा त्याला अधिकार आहे.