मर्टल्सची क्लोई आणि कण्हेरीचा केक

अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट फ्रान्सिसव्हिलचा ‘मर्टल्स’ हा कापसाच्या मळ्यावरचा जुना वाडा पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. गोष्ट अशी: मालक क्लार्क वुड्रफने चोरून ऐकलं म्हणून क्लोई या गुलाम बाईचा कान कापला. तिने केकमध्ये कण्हेरीचा रस घातला, मालकीण आणि दोन मुली मेल्या. इतर गुलामांनी तिला फासावर लटकवून मिसिसिपी नदीत फेकलं. वाड्यात खून म्हणे १०, आणि हिरवा फेटा बांधून क्लोई अजून फिरते.

आधी केक. मालकीण सारा गेली १८२३ मध्ये, मुलं गेली १८२४ मध्ये. एकाच केकने वर्षभर माणसं मारली म्हणायची! शिवाय मेलेल्या दोघी मुली नव्हत्याच. जेम्स हा मुलगा, कॉर्नेलिया मुलगी. तिसरी, ऑक्टेव्हिया, वाचली. ते बळी पीतज्वराचे. तो डासांमुळे होतो हे १९०० पर्यंत पक्कं कळलेलं नव्हतं, त्यामुळे घरंच्या घरं ओस पडत. कण्हेर विषारी असते, हे मात्र खरं. पण आपल्याकडे कुंपणाला लावतात ती याचसाठी की गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत, इतकी ती कडू.

दहा खुनांपैकी कागदोपत्री सापडतो एक. जानेवारी १८७१ मध्ये तिथे राहणाऱ्या विल्यम विंटर या वकिलाला व्हरांड्यात गोळी घातली. तो जिन्याच्या सतराव्या पायरीपर्यंत चढून मग मेला, हे मागाहून चिकटवलेलं. तेव्हाच्या बातमीनुसार तो जागीच कोसळला.

आता क्लोई. वुड्रफच्या गुलामांच्या नोंदींत हे नाव सापडत नाही. मला खटकतं ते वेगळंच. १७९६ मध्ये वाडा बांधणारा डेव्हिड ब्रॅडफर्ड व्हिस्की बंडातला, म्हणजे व्हिस्कीवरच्या कराविरुद्धच्या उठावातला, फरारी होता, हे वाडा दाखवणारा गाइड चवीने सांगतो. १८३४ मध्ये रफिन स्टर्लिंगने वाडा घेऊन वाढवला, हेही. कापूस वेचून या सगळ्याचा पैसा उभा करणाऱ्या गुलामांपैकी मात्र गोष्टीत एकीलाच नाव आहे, आणि तीही विष घालणारी, तीही काल्पनिक.

फेटा कापलेला कान झाकायला होता म्हणे.