म्हणजे पेट्रोलचीच की!

काल रात्री गणपतीपुळ्याहून परत आलो, डोकं अजून तडतडतंय. हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि जोडीला बॅटरी; कागदावर ॲव्हरेज २७, स्क्रीनवर १५.८. आत बायको, दोन पोरं, सासू-सासरे, टपावर आंब्याच्या पेट्या. सासरे रिटायर्ड अकाउंटवाले, टाकी फुल ते टाकी फुल हिशोब डायरीत लिहितात, तोही मोठ्याने वाचत.

जाताना आंबा घाट उतरताना बॅटरी फुकटात भरत होती, तेव्हा मी झोपलेल्यांना उठवून स्क्रीनवरचे हिरवे बाण दाखवले होते. येताना तोच घाट चढायचाय हे कुणाच्या लक्षात होतं!

वर आल्यावर मलकापूरजवळ पंपावर थांबलो. शेजारी फटफटीवर एक आजोबा, मागे वैरणीचा भारा.

"चार्जिंगची हाय न्हवं?"

"हायब्रिड आहे, काका."

"मग हितं कशाला आलाय?"

"पेट्रोल लागतंच की."

"आन् चार्जिंग कुठं करताय?"

"करावं लागत नाही, चालता चालता आपोआप होतं."

"कशावर?"

ब्रेक लावला, उतार लागला की बॅटरी भरते वगैरे मी सांगणार तेवढ्यात मागच्या खिडकीतून सासरे ओरडले, "पेट्रोलवर!"

आजोबा जरा गप्प झाले. "म्हंजी पेट्रोलचीच की. म्हशीची धार काढायची आन् तिलाच पाजायची."

नोजल धरलेला पोरगा इतका हसला की मीटरवरचा झिरो बघायचा राहिलाच माझा.

मग मला चेव आला. म्हटलं, शहरात बघा, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद, बॅटरीवर चालते, बावीस देते. हायवेला शंभरनं सतत इंजिनच ओढतं, ब्रेक लागत नाही, मग बॅटरीला मिळणार काय?

"म्हंजी गर्दीत हुशार, मोकळ्या रस्त्याला ढिली. आमचा थोरला बी असाच हाय."

दोन लाख जास्त मोजलेत हो मी साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा! त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, भाव मात्र पुरता पेट्रोलचा. हे रागात बोलून गेलो तर आजोबांचा चेहराच पडला.

"आमच्याच उसाचं हाय ते. बिल अजून न्हाई आलं."

यावर काय बोलणार. त्यांनी शंभरचं टाकलं आणि गेले.

पुढे इंजिन चालू झालं की धाकटा मागून हंबरायचा. आणि हायवेला इंजिन बंद होतंय कुठे. कात्रजला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ते एकदाचं बंद झालं आणि कार्टं झोपलं.