डेर-डी-डासचे 'मराठी शॉर्टकट': तो मेसेज पुढे ढकलू नका

"जर्मन आर्टिकल पाठ करू नका! मराठी माणसाला गरजच नाही!!" हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. (आर्टिकल म्हणजे जर्मनमध्ये नामाआधी लागणारे डेर, डी, डास, नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणारे.) मी दोन-तीन ग्रुपवर बघून सोडून दिला होता, म्हटलं जाऊ दे, कोण वाद घालणार. पण काल भाचीचा फोन, "मावशी हे खरंय का गं, आमच्या क्लासमधल्या मुली आता असंच करायला लागल्यात." ती नर्सिंग झालीय, सांगलीत जर्मन शिकतेय, जर्मनीत नोकरीला बी2, म्हणजे भाषेची त्या पातळीची परीक्षा, लागते आणि त्यासाठी घरच्यांनी पैसे घातलेत. 2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून अशी किती मुलंमुली आशेने शिकतायत, आणि त्यांच्या हातात हे.

मेसेजमध्ये चार युक्त्या आहेत. एक, जर्मन संस्कृतातून निघाली, मराठीपण, म्हणून मराठीतलं लिंग उचलून तसंच लावा: तो म्हणजे डेर, ती म्हणजे डी, ते म्हणजे डास. दोन, अडलात तर शब्दाला 'शेन' जोडा, सगळं डास होतं. तीन, तेही नाही जमलं तर सरसकट डी म्हणा. चार, आर्टिकल गाळलं तरी चालतं, जर्मन लोक लक्षच देत नाहीत.

पहिलीचं काय सांगू. जर्मन संस्कृतातून निघालेली नाही. दोघी एका जुन्या इंडो-युरोपियन कुळातल्या, लांबच्या बहिणी म्हणा हवं तर, आणि तीन लिंगं दोघींकडे त्या कुळातून आली, एवढंच. तीन लिंगं असणं वेगळं आणि कुठल्या वस्तूला कुठलं ते जुळणं वेगळं. आपला सूर्य तो, त्यांची डी झोन. आपला काटा तो, त्यांची डी गाबेल. आपली सुरी ती, त्यांचं डास मेसर. चमचा तेवढा जुळला, डेर लॉफेल. स्वयंपाकघरात अजून बघा, साखर डेर त्सुकर, कॉफी डेर काफे, दूध डी मिल्श. पाणी, मीठ, घर, पुस्तक ही चार आपल्याकडेही 'ते' आणि तिकडेही डास, आणि मेसेजवाल्याने उदाहरणं म्हणून नेमकी हीच चार दिलीत. हुशार आहे. आणि संस्कृतचा एवढाच अभिमान असेल तर त्याला विचारा की संस्कृतात बायकोला भार्या म्हटलं की स्त्रीलिंग, दार म्हटलं की पुल्लिंग, कलत्र म्हटलं की नपुंसकलिंग, मग यातलं कुठलं जर्मनला लावायचं?

आता ते 'शेन'. हे वाचून मी खरंच डोकं धरलं. नियम म्हणून खरं आहे, शेन लागलं की शब्द नपुंसकलिंगी होतो, म्हणूनच मुलगी डास मेडशेन. पण शेन हा लहानपणा किंवा लाड दाखवणारा प्रत्यय आहे, लिंग लपवायची चादर नाही. टेबलाचं 'टिशशेन' केलंत तर तुम्ही छोटंसं टेबल म्हणताय, तेवढं चालून जाईल, लोक हसतील फारतर. पण काही शब्दांचा अर्थच बदलतो. फ्राउ म्हणजे बाई. फ्राउशेन म्हणजे कुत्र्याची मालकीण. मान म्हणजे पुरुष, मेनशेन म्हणजे प्राण्यातला नर. आता डोळ्यासमोर आणा, वॉर्डमध्ये नवीन आलेली सिस्टर ऐंशीच्या आजीबाईंबद्दल डॉक्टरांना सांगतेय आणि प्रत्येक वाक्यात फ्राउशेन. किंवा पेशंटच्या हाताबद्दल, पायाबद्दल, पोटाबद्दल बोलताना सगळ्याला शेन, म्हणजे तान्ह्या बाळाशी बोलावं तसं, आणि समोर दुखण्याने वैतागलेला मोठा माणूस. ज्याने हे लिहिलं त्याला कधी तिकडे तोंड उघडायचं नाहीये, पोरींना उघडायचंय. राग येतो तो याचा.

सरसकट डी. याला थोडासा आधार आहे, मान्य करते. डूडेन, म्हणजे जर्मनचा सगळ्यात मानला जाणारा कोश, त्यांच्या मोजणीत नामांपैकी 46 टक्के स्त्रीलिंगी, 34 टक्के पुल्लिंगी, 20 टक्के नपुंसकलिंगी. म्हणजे डी पहिल्या नंबरावर आहेच. पण 46 म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा चूक, हे मेसेजवाल्याने लिहिलं नाही. शिवाय त्या 46 मध्ये शेवटी -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट असलेल्या शब्दांची मोठी गर्दी आहे, वोनुंग (घर, फ्लॅट), रेख्नुंग (बिल), आनमेल्डुंग (नोंदणी), आणि ते सगळे शेपटावरूनच डी म्हणून ओळखता येतात, तिथे अंदाज लावायची वेळच येत नाही. अंदाज लावायची पाळी येते ती बाकीच्या शब्दांवर, आणि तिथे डीचा वाटा अजून घसरतो.

चौथी. चुकीचं आर्टिकल म्हटलं तर समोरच्याला बहुतेक वेळा कळतं, हे खरं. नुटेलाला डेर म्हणायचं, डी की डास यावर खुद्द जर्मन लोकांचं एकमत नाही, हेही खरं. पण गाळायचं? आपण 'डॉक्टर पेशंटला बोलावतो' म्हणतो तेव्हा कोण कोणाला बोलावतंय ते 'ला' सांगतो. जर्मनमध्ये पुल्लिंगी नामांचं हे काम बरंचसं आर्टिकल करतं. 'डेन आर्त्स्ट रुफ्ट डेर पात्सिएंट' यात डॉक्टर पहिला आलाय, तरी बोलावणारा पेशंट आहे, कारण डॉक्टरला डेन लागलंय, म्हणजे डेरचं आपल्या 'ला'सारखं रूप. दोन्ही काढून टाका आणि मग सांगा कोणी कोणाला बोलावलं. परीक्षेत लिहिण्या-बोलण्यात व्याकरणाचे गुण असतात ते वेगळंच.

मराठीवाल्यांना फायदा आहे, नाही असं नाही. चांगला-चांगली-चांगलं करायची सवय असल्याने 'निर्जीव वस्तूला लिंग कसलं' हा प्रश्न आपल्याला पडत नाही, इंग्रजीवाले तिथेच अडतात. पण तो फायदा सवयीचा आहे, यादीचा नाही. भाचीला म्हटलं वहीत नुसतं 'टिश' लिहायचंच नाही, 'डेर टिश' लिहायचं, पुढे अनेकवचन, आणि -उंग, -हाइट वाल्यांचं वेगळं पान कर. कंटाळवाणं आहे. तिच्या क्लासच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकलंय, ज्यांच्याकडे तो मेसेज आलाय त्यांनी याच्यासकट पुढे पाठवा.