पापणीवरचे सोने

सणासुदीच्या तोंडावर भाचीने मला आयशॅडोची एक पेटी भेट दिली. मी पेटी म्हणते आहे खरी, पण तिला पॅलेट म्हणायचे असते, हे तिने ती हातात ठेवतानाच बजावले होते. तोवर माझ्या डोळ्यांनी काजळाच्या एका रेघेवर निष्ठेने दिवस काढले होते, आणि तीही दोन्हीकडे सारखी उतरली तर तो योगायोग समजावा. अशा डोळ्यांपुढे एकदम बारा छटांचे सोने येऊन पडावे, हे जन्मभर सायकल दामटलेल्या माणसाच्या दारी हत्ती झुलण्यासारखे होते.

पेटी मात्र देखणी होती. झाकणात लोहचुंबक असल्यामुळे ते मिटताना असा काही खानदानी 'टक' आवाज होई, की पहिल्या दिवशी मी नुसत्या त्या आवाजासाठी ती पाच-सहा वेळा उघडली आणि मिटली. आत आरसा, आरशाखाली सहा-सहा खणांच्या दोन ओळी, आणि प्रत्येक खणातल्या रंगावर पानाची नाजूक नक्षी उमटवलेली, अगदी शिरांसकट. ती नक्षी मोडून त्यात ब्रश खुपसायचा या कल्पनेनेच माझा हात मागे येत होता. कोणती छटा कोणत्या प्रसंगाला, हे कोणाला तरी विचारावे म्हणून मी यजमानांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, पेटी उजेडात धरली आणि बऱ्याच वेळाने विचारले, "एकच रंग बारा वेळा का दिलाय?" मी त्यांना पिवळसर सोनेरी, तांबूस सोनेरी, जुने सोने आणि कांस्य यांतला फरक तावातावाने समजावून सांगितला. मधल्या चार खणांपाशी मीही अडखळले होते, पण ते त्यांच्या लक्षात आले नाही.

पेटीच्या पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत घटकांची यादी होती. अशी यादी दिसली की ती वाचून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. प्रसाधनांतल्या रंगद्रव्यांना पाच आकडी क्रमांक असतात आणि त्यांत खऱ्या सोन्याचाही एक आहे, ७७४८०. तो या यादीत कुठेही नव्हता. होते ते अभ्रक, टायटॅनियम डायऑक्साइड आणि ७७४९१ क्रमांकाचे आयर्न ऑक्साइड, म्हणजे साध्या मराठीत गंजाचे सख्खे भावंड. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर या दोन ऑक्साइडांचा सूक्ष्म थर चढवतात. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, आणि थराची जाडी नेमकी साधली की ते मिश्रण आपल्या डोळ्यांना सोने वाटते. एवढी कारागिरी कळल्यावर खोटेपणाचा राग येण्याऐवजी मला त्या अभ्रकाविषयी आदरच वाटू लागला. शेजारीच झाकण उघडलेल्या बरणीचे चित्र आणि त्यात बाराचा आकडा होता. याचा अर्थ, एकदा उघडल्यावर माल बारा महिन्यांत संपवावा. काजळाची एक कांडी तीन वर्षे पुरवणाऱ्या बाईने महिन्याला एक खण या गतीने सोने उधळावे, अशी त्या चित्राची अपेक्षा होती.

भाचीने कृती लिहून पाठवली होती. पापणीवर आधी प्रायमर, मग खोबणीत तपकिरी मॅट छटा, मग मध्यभागी सोनेरी, आणि शेवटी सगळे 'नीट ब्लेंड कर'. कृती वाचायला सोपी होती, आणि वाचायलाच मला चाळिशी लागली. खरा पेच तिथून पुढे सुरू झाला. चाळिशी लावली तर आरशातली पापणी स्पष्ट दिसते, पण तिच्यापर्यंत ब्रश पोहोचत नाही, कारण मध्ये काच असते. चाळिशी काढली तर ब्रश पोहोचतो, पण कोठे पोहोचतो ते कळत नाही. त्यात ज्या पापणीवर काम करायचे तो डोळा मिटावा लागतो, म्हणजे उरलेल्या एका आणि तोही धूसर दिसणाऱ्या डोळ्याच्या भरवशावर सारी रंगकामाची जबाबदारी येते. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असे म्हणतात. मला त्या क्षणी तिसरा हवा होता, आणि तो बोटाच्या टोकाला असता तर फारच बरे झाले असते. अखेर मी चष्मा तिरका करून एक काच कपाळावर आणि दुसरी उघड्या डोळ्यावर अशी काहीतरी रचना केली. ती नाकाने दोन मिनिटे तोलून धरली. तिसऱ्या मिनिटाला चष्मा पेटीत पडला आणि पानाच्या नक्षीचा प्रश्न परस्पर सुटला.

माझी दुसरी चूक अशी, की चेहऱ्याला फाउंडेशन मी आधीच लावून बसले होते. चमकदार आयशॅडो ब्रशवरून पापणीवर जाताना वाटेत झडते, म्हणून जाणकार मंडळी आधी डोळे रंगवतात, झडलेले कण पुसून टाकतात आणि मग चेहऱ्याकडे वळतात, हे मला मागाहून कळले. माझ्या ओलसर गालांवर ते सोने भक्तिभावाने येऊन बसले आणि पुसायला जावे तसतसे पसरत गेले. डोळ्यांत धूळ फेकणे हा वाक्प्रचार मी आजवर लाक्षणिक अर्थाने वापरत आले होते. त्या सकाळी मी ते काम स्वतःच्या हाताने, स्वतःच्याच बाबतीत, आणि भारी किमतीची धूळ वापरून पार पाडले.

तरीही उजवा डोळा एकदाचा बरा जमला. डावा त्याच्यापुढे फिका वाटला, म्हणून डाव्यावर थोडे अधिक चढवले. मग उजवा फिका दिसू लागला. लोण्याचे दोन गोळे सारखे करायला बसलेल्या माकडाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते, पण त्या माकडाच्या पदरात निदान लोणी तरी पडले. चारपाच फेऱ्यांनंतर मी आरशापासून दूर होऊन पाहिले, तर भुवयांपर्यंत पिवळाजर्द रंग पोहोचला होता. तेवढ्यात यजमान खोलीत आले, दारातच थबकले आणि अतिशय काळजीने म्हणाले, "अगं, डोळे केवढे पिवळे दिसतायत! कावीळ तर नाही ना? आजच दाखवून येऊ."

सगळे धुऊन काढण्यावाचून इलाज नव्हता. साबण-पाण्याला ते अभ्रक दाद देईना. भाचीने पेटीबरोबर दिलेल्या बाटलीत खाली पाणी आणि वर तेल असे दोन थर होते. बाटली जोरात हलवायची, दोन्ही क्षणभर एक झाले की कापसावर घ्यायचे आणि मिटल्या पापणीवर धरून ठेवायचे. घासायचे नाही, कारण शरीरावरची सर्वांत पातळ त्वचा पापणीचीच असते. मी धीर न धरता डोळा उघडला. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, असा उपदेश करणाऱ्यांनी हा प्रयोग कधी केला नसावा, कारण डोळ्यांत तेल गेल्यावर पुढची दहा मिनिटे लक्ष ठेवण्याजोगे काहीच दिसत नाही.

दुपारी भाचीलाच व्हिडिओ कॉल लावला. सोनारानेच कान टोचावेत, तसे तिने दोन वाक्यांत माझे डोळे उघडले. "मावशी, ब्रश ठेव बाजूला. अनामिकेने घे आणि घासू नकोस, नुसतं दाब." अनामिकेचा दाब सर्वांत हलका पडतो, आणि बोटाच्या उबेने ती चमकी पापणीला चिकटून बसते, झडत नाही. पाच मिनिटांत, चष्म्याशिवाय, निव्वळ स्पर्शाच्या आधाराने, दोन्ही पापण्यांवर नितळ, मऊ, संध्याकाळच्या उन्हासारखे सोने उतरले. मी एक डोळा मिटून दुसऱ्याने पाहिले, मग दुसरा मिटून पहिल्याने पाहिले. दोन्ही अप्रतिम होते. मग मी दोन्ही डोळे उघडले आणि सोने नाहीसे झाले.

ते कोठेही गेलेले नव्हते. माझ्या पापण्यांवर वयपरत्वे वरून एक घडी उतरली आहे, आणि डोळा उघडला की सगळी पापणी त्या घडीत, पडदा गुंडाळावा तशी, आत जाते. दिवसभराच्या कष्टांचे फळ फक्त डोळे मिटल्यावर दिसणार होते, म्हणजे मी सोडून इतर सर्वांना. घडीच्या वरपर्यंत रंग न्यायचा असतो, असे भाची सांगत होती, पण पुन्हा कापूस आणि तेल हातात घेण्याचे बळ माझ्यात उरले नव्हते.

संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरले. मी आल्यागेल्याशी नजर खाली ठेवून, सावकाश पापण्या लववत बोलत होते. एका जाऊबाईंनी "दगदग झालेली दिसते, जरा पडा जाऊन" असे सुचवले. थोरल्या नणंदेने एवढ्या वर्षांत प्रथमच माझ्या विनयशीलतेचे कौतुक केले. सोन्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. यजमानांच्या डाव्या कानाच्या पाळीवर मात्र, का कोण जाणे, एक ठळक सोनेरी ठिपका चमकत होता आणि तो तिघांनी मला आवर्जून दाखवला.

शेवटी सगळ्यांचा मिळून फोटो काढायचे ठरले. भाचीने पाठोपाठ सात-आठ फोटो काढले आणि लगेच ते निवडायला बसली. एका फोटोत सगळे जण नीट हसत होते, मुले स्थिर होती, कोणाचे डोके कोणाच्या आड नव्हते. फक्त नेमक्या त्या क्षणी माझे डोळे मिटले होते. आणि त्या मिटल्या डोळ्यांवर दिव्याचा उजेड असा पडला होता, की दोन्ही पापण्या सारख्या, अगदी तंतोतंत सारख्या, झळाळत होत्या.

"शी! यात तू डोळे मिटलेस, मावशी. हा काढून टाकते," असे म्हणत तिने बोट पुढे नेले, तेव्हा मी तिचे मनगट घट्ट पकडले आणि बाकीचे सातही काढून टाकायला सांगितले.