"पाती फिरलीच नाहीत" या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एकच तारा दिलात. तुमचा अभिप्राय मी दोनदा वाचला आणि काउंटरवरच्या पोरालाही वाचायला लावला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही कॅनडाला मेहुण्याकडे जाताना आमच्या म्हापशाच्या दुकानातून मासे गरवायच्या स्पिनर रिगची (गळ आणि फिरणारं पातं बांधलेल्या दोरीची) सहा पाकिटं नेलीत. जाण्याआधी रायबंदरला मांडवी नदीत दोन रिग टाकून बघितल्या, तेव्हा पाती छान फिरली. मग टोरांटोच्या वरच्या अंगाला सिमको तळ्यावर बर्फाला भोक पाडून दोन दिवस बसलात. पातं फिरलं नाही, मासा लागला नाही, गळांना गंज चढला. परत आल्यावर आम्ही पैसे दिले नाहीत, म्हणून "डुप्लिकेट माल" असं लिहिलंत.

आधी आमची चूक. तुम्ही आलात तो शुक्रवार होता. शुक्रवारच्या बाजारात म्हापशात उभं राहायला जागा नसते, दुकानात तर नाहीच. तुम्ही "बर्फावर गरवायला स्पिनर द्या" म्हणालात, पोराने त्यातलं फक्त "स्पिनर" ऐकलं आणि पाकिटं काढून दिली. कुठल्या माशासाठी, पाणी कसलं, हे त्याने विचारायला हवं होतं. मी असतो तर विचारलं असतं असं आता म्हणणं सोपं आहे. मी मागे कुणाचं तरी रीळ खोलून बसलो होतो.

पण माल डुप्लिकेट होता हे मी मान्य करणार नाही, आणि त्याचा पुरावा तुम्हीच लिहून दिला आहे. रायबंदरला पाती फिरली ना? मांडवीला ओहोटीची ओढ होती, शिवाय तुम्ही लांब फेकून रीळ गुंडाळत होता. पाणी पात्यावर आडवं येत होतं. पातं त्यावरच फिरतं. तुम्ही नेलेली रिग म्हणजे तंगुसाच्या (गळाच्या नायलॉन दोरीच्या) लांब तुकड्यावर दोन गळ, त्यांच्यावर चार-पाच मणी आणि मण्यांच्या वर इवल्याशा कडीत अडकवलेलं गोल पातं. या गोल पात्याला कोलोरॅडो म्हणतात. ते हळू ओढलं तरी फिरतं आणि पाण्यात धपधप करतं. निमुळतं, विलोच्या पानासारखं पातं असतं त्याला जास्त वेग लागतो. ही सगळी रिग होडीच्या मागे, माणूस रमतगमत चालतो त्या वेगाने ओढायची. उन्हाळ्यात त्याच कॅनडात लोक गांडूळ लावून अशीच ओढतात.

बर्फाच्या भोकात मात्र आडवं काही नसतं. वीतभर रुंदीचं भोक, तंगूस सरळ खाली, गळ फक्त वर आणि खाली. वर खेचताना पातं दोन-चार गिरक्या घेतं, सोडलं की मणी, पातं आणि दोन्ही गळ एकमेकांत गुरफटतात. तुम्ही टाकलेल्या फोटोत जो गुंता दिसतो तो त्याचाच. हातात काठी आणि समोर पाणी असलं की आपल्याला सगळीकडे मांडवीच दिसते, त्यात तुमचा दोष नाही.

मला हे कळतं कारण माझी बहीण कॅनडातच विनिपेगला असते आणि दोन हिवाळे मी तिच्याकडे काढले. पहिल्या दिवशी मीही इथून नेलेलाच माल घेऊन बसलो होतो. शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्याने माझी रिग उचलून बघितली, हसला आणि कात्रीने वरचं पातं तेवढं ठेवून बाकी सगळं कापून टाकलं. पात्याच्या खाली चार बोटं तंगूस, त्याला एक बारीक गळ, गळाला माशाच्या पिलाचं डोकं. बस्स. पातं तिथे फिरवायचं नसतंच, चमकवायचं असतं. वीतभर वर उचलायचं, मग तंगूस ढिला सोडून त्याला गळणाऱ्या पानासारखं हेलकावत खाली जाऊ द्यायचं, आणि मग थांबायचं. हे थांबणं फार लांब वाटतं. मासा बहुतेक त्या थांबण्यातच घेतो.

कारण तिथला मासा पाठलाग करत नाही. बर्फालगतचं पाणी शून्य अंशाला, तळाशी फार तर 4 अंश, कारण 4 अंशाचं पाणी सगळ्यात जड. त्या गारठ्यात माशाचं अंगच मंदावलेलं असतं. आपला तांबसो मासा मानशीच्या (खाजणाच्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी जसा झडप घालतो तसं तिथे काही होत नाही. सिमकोला तुम्ही पर्च या तिथल्या लहान माशाच्या मागे होता असं दिसतं. त्याचं तोंड लहान, आणि तुमच्या रिगचे गळ त्याला मोठेच. 10 किंवा 12 नंबरचा लहान गळ हवा होता.

पात्याचाच हट्ट असेल तर बर्फासाठी दुसरी वस्तू असते. तिला ब्लेड बेट म्हणतात. धातूची पातळ माशाच्या आकाराची पट्टी, डोक्याकडे शिसं, पाठीवर दोन-तीन भोकं. वर खेचली की ती जागच्या जागी थरथरते. ती थरथर रॉडमधून हातालाही कळते, म्हणजे माशाला नक्कीच. ती आमच्याकडे नव्हती, अजूनही नाही. गोव्यात ती घेणार कोण? पोराने एवढं सांगून तुम्हाला रिकाम्या हाती पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

गंजाचं म्हणाल तर तो सिमकोचा नाही. ते गोड्या पाण्याचं तळं. रायबंदरच्या खाऱ्या पाण्यातून काढलेल्या रिग तुम्ही ओल्याच पाकिटात घालून बॅगेत टाकल्या असणार. स्टेनलेस नसलेला गळ खाऱ्या पाण्यानंतर धुतला-पुसला नाही तर दोन दिवसांत तांबूस होतोच, भले तो कितीही महागाचा असो. त्या दोन रिगचे पैसे मी देणार नाही. मात्र त्यांचे गळ फुकट बदलून देईन.

उरलेल्या चार पाकिटांचे पूर्ण पैसे मिळतील, फोडलेली असली तरी. पावती हरवली असेल तरी चालेल, पोराला तुमचा चेहरा आता चांगलाच लक्षात आहे. पाकिटं परत करायची नसतील तर एक मात्र करू नका: ती रिग चोणकाला (जिताड्याला) लावू नका. पातं बघून तो येईलही, पण तो बारीक गळ सरळ करून निघून जाईल, आणि मग दुसरा तारा कुठून कापणार?

मेहुण्याकडे पुढच्या हिवाळ्यात जाणार असाल तर आधी या. तुमच्या त्या पात्यांपासूनच त्या म्हाताऱ्यासारखी दोन-तीन रिग बांधून देतो, मजुरी नाही. फक्त शुक्रवारी येऊ नका.