फरशीला घामोळं

पुण्याचा एक गिऱ्हाईक 'फ्लोअरचं बघा जरा' म्हणून गेला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या शेडला इपॉक्सी, म्हणजे काँक्रीटवर ओतायचा चकचकीत रेझिनचा थर, करायची अवदसा मला आठवली. भर सकाळी अकराला, पत्रा तापत असताना, कंत्राटदाराच्या पोरांनी राखाडी आरसा ओतला. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं, तर आरशाला घामोळं.

कंत्राटदार फोन उचलेना. तात्या मात्र न बोलावता आले. शेजारच्या पॅटर्नवाल्याचे सासरे. शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर म्हणून, वाळूचे साचे करण्यात जन्म काढलेला. वहाणा दारात काढल्या, उकिडवे बसले.

"हे काय रं, आंबोळी घातलीयास व्हय?"

"इपॉक्सी आहे, तात्या."

"कितीला पडली?"

"बेचाळीस हजार."

"जाळी मातर झ्याक पडलीया."

मग कनवटीची किल्ली काढून त्यांनी एक फुगा फोडला. टक. आत बघितलं. "हवा हाय." दुसरा. टक. "हितंबी हवाच." मी नको नको म्हणतोय, तर चहावाल्या पोरालाही बसवलं, "तू त्या कडंनं ये." कोल्हापुरात पत्ता विचारला तर माणूस गाडीवर मागं बसून दारापर्यंत पोचवतो, तसंच हे. मदत मागेपर्यंत कुणाला दम निघत नाही. तीसेक फुग्यांनंतर तात्यांनी निकाल दिला:

"ब्लोहोल हाईत."

मला घाम फुटला. मी मशिनिंगवाला. ब्लोहोल, म्हणजे ओतकामात वायू अडकून पडलेलं भोक, निघालं की कास्टिंग फौंड्रीच्या तोंडावर मारतो, वर चार शब्द सुनावतो.

"वाळू वली ऱ्हायली, वायूला वाट न्हाई मिळाली, की कास्टिंग फुगतंय. काँक्रीट कधीचं?"

"पंधरा दिवसांचं."

"अरं, 28 दिस तरी द्यायचंस! साखरपुडा झाल्या झाल्या बारसं घालतंय व्हय कोण?"

रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. तात्यांचं सगळं बरोबर, हेच जास्त झोंबलं. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून 16 तास ठेवायचं, खाली ओल दिसली तर काम थांबवायचं. दोन रुपयांचं काम, कुणी केलं नाही. प्रायमरचा एक पातळ हात, तोही काँक्रीटनं पिऊन टाकला. उन्हं चढली, भोकांतली हवा फुगली आणि इपॉक्सीतून वर आली. शिवाय ड्रिल फुल स्पीडला लावून रेझिन-हार्डनरची लस्सी केलेली, म्हणजे आणखी हवा घुसळलेली. फुगे फोडायचा काटेरी स्पाइक रोलर टेम्पोतच होता. पोरं वडा खायला गेलेली.

चौथ्या दिवशी कंत्राटदार उगवला. म्हणाला, "ऊन लागलं ओ." जसं काही ऊन मीच मागवलं होतं! मग पंधरा दिवस शेड बंद ठेवली. प्लास्टिक कोरडं निघाल्यावर फुगे ग्राइंडरनं उडवले, धूळ व्हॅक्यूमनं ओढली, पत्र्याच्या पट्टीनं रेझिन दाबून खड्डे बुजवले आणि शेवटचा हात सूर्य बुडाल्यावर मारला. जमीन थंड होताना हवा वर ढकलत नाही. आता फरशी बरी आहे.

बिलात मात्र वेगळी ओळ आली: 'फुगे काढणे, सहा हजार.' फुगे घालायचे किती लावलेत, तेवढं लिहायचं राहिलं. कास्टिंग परत पाठवता येतं. सहाशे फूट जमीन कुठल्या टेम्पोत घालू?

काल तात्या पुन्हा आले. किल्ली हातातच. चारी कोपरे फिरले, एक फुगा मिळाला नाही.

"मग आता हितं बसून करायचं काय?" म्हणाले, आणि माझा चहा पिऊन गेले.